गावदेवीला सांगितलेली अमेरिका

आम्हा पुणेकरांच्या लेखी भिवंडी म्हणजे मुंबईहून नाशिकला जाताना वाट अडवणारी ट्रकांची रांग. तिथं कुणी मुद्दाम उतरत असेल, असं मला २००७च्या डिसेंबरापर्यंत वाटलं नव्हतं. मी उतरले ती हिरामावशींमुळे. न्यू जर्सीत त्या मुलाकडे, आमच्या शेजारी राहतात. अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता केला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत पासही झाल्या. उरली फक्त शपथ. तिचं मराठी करून सांगायचा शहाणपणा मी केला आणि सगळा घोळ झाला. आधीच्या देशावरची निष्ठा सोडायची, हे कळताच मावशी म्हणाल्या, गावदेवीला विचारल्याशिवाय असला शब्द तोंडातून काढणार नाही. मताची हौस मात्र दांडगी. घरातले सगळे मतदानाला जातात आणि आपण टीव्हीपुढे बसतो, हे त्यांना सलत होतं, आणि पुढच्याच वर्षी तिथं मोठी निवडणूक होती. कौल घ्यायला त्या भिवंडीजवळच्या राहनाळला, माहेरी आल्या. मी सुट्टीवर पुण्यात होते, मलाही बोलावून घेतलं.

रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, कौनसा गोडाऊन?" घरी जायचंय म्हटल्यावर तो जरा खट्टू झाला. गोदामांच्या रांगेतून वाट काढत पोहोचले, तर मावशींचे भाऊ मारुतीदादा दारातच उभे होते. त्यांच्या भातशेतीच्या जागीही आता गोदाम आहे. जेवायला तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी होती. भाजी इतकी चविष्ट कशी, असं विचारलं तेव्हा कळलं, आत सुकट (वाळवलेला जवळा) आहे. मी शाकाहारी. पण अर्धं ताट संपलंच होतं, मग उरलेलंही संपवलं.

सकाळी देवळात पुजाऱ्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मावशींनी विचारलं, "शपथ घेऊ का?" एकही फूल हलेना. जमलेल्या बायका गप्पांना लागल्या. मी मावशींना हळूच म्हटलं, नुसती शपथ ऐकून कुणीही बिचकेल, देवीला बाकीचंही सांगा.

मग मावशी मांडी घालून बसल्या आणि त्यांनी देवीला अमेरिकेची राज्यघटना सांगितली.

"आई, तिथं राजा न्हाय. चार वर्सांनी मत टाकून मानूस निवडतात, आनि त्यालाबी कायदा लागतो. कुनी कंच्याबी देवाला भजावं, सरकार मधी पडत न्हाय. तुझा फोटो माझ्या फ्रिजवर हाय."

बायकांना आणि काळ्या लोकांना तिथं मत भांडून मिळवावं लागलं, हेही त्यांनी लपवलं नाही. भांडल्याशिवाय इथं तरी काय मिळतं, असं एक म्हातारी म्हणाली. मग मावशींचा आवाज उतरला.

"हिथलं माझं मत जाईल, आई. तुला सोडत न्हाय. घेऊ का शपथ?"

रस्त्यानं कंटेनर गेला, फरशी थरथरली आणि उजवं फूल पडलं. बाहेर आल्यावर मी न राहवून म्हटलं, फूल कंटेनरमुळे पडलं.

"मंग कंटेनर कुनी धाडला?" मावशी म्हणाल्या.

खुशीत मारुतीदादांनी आम्हाला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं. मी एकदम पाय बुडवला आणि असा काही बाहेर काढला की चप्पलच पाण्यात गेली. पुण्याला मारुतीदादांच्या चपला घालून परतले.

फेब्रुवारीत न्यू जर्सीला मावशींनी शपथ घेतली. बाकीचे पुटपुटत होते. मावशी प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणाल्या आणि मग हमसून रडल्या. देवीनं तर हो म्हटलं होतं, मग रडता कशाला, असं मी विचारलं.

"कौल मिलला म्हनून काय झालं? सोडलं ते सोडलंच ना."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मतदार नोंदणीचं टेबल कुठं आहे, ते विचारलं. मला फार अभिमान वाटला त्यांचा.

माझी शपथ पुढच्या वर्षी आहे. पुण्यात मी कुणाला विचारायचं, ते अजून ठरत नाही.