विहीणबाईंचा चारचाकी पेशंट

मोटार चालवणाऱ्या बायका आता आमच्या पालघर जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत, त्यात काही नवल राहिलं नाही. पण चार जाडजूड टायरांच्या उघड्या गाडीवर घोड्यासारखी मांड टाकून, डोक्याला हेल्मेट आणि पायात गमबूट चढवून, चिकूच्या वाडीत वादळासारखी शिरणारी आजीबाई अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे, आणि ती माझी विहीण आहे! माझ्या लेकीची सासू. हे सांगताना माझी छाती अशी फुगते, की जणू गाडी मीच चालवते.

ती गाडी तुम्ही पाहिली असेल हो, समुद्रावर पोरंटोरं पैसे देऊन जिच्यावर चकरा मारतात ती. एटीव्ही म्हणतात तिला. विहीणबाईंचं घर मुरबे गावात आणि वाडी पार पलीकडे, बांध, चिखल आणि भुसभुशीत वाळू ओलांडून. तिथे स्कूटर रुतते आणि रिक्षावाला लांबूनच हात जोडतो. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सारा जन्म पायांवर उभं राहून काढलेला, त्यामुळे निवृत्त झाल्या आणि गुडघे बसले. वाडी सासऱ्यांनी लावलेली, झाडन् झाड ओळखीचं, आणि जायला पाय नाहीत! तेवढ्यात किनाऱ्यावरच्या एकाने चकरांचा धंदा आवरला आणि त्याची गंजलेली गाडी बाईंनी घरी आणली. सगळे म्हणाले भंगार आहे. बाई म्हणाल्या, "भंगार नाय, कुपोषित हाय. खायला-प्यायला घातलं की उठेल."

आणि उठवली की हो! रोज सकाळी चहाच्या आधी पेशंटचा राउंड. गाडी आधी सपाट जागी उभी करायची आणि मगच पट्टी काढून तेल बघायचं. "वाकडी ठेवून तेल बघायचं म्हंजे पेशंटला धावायला लावून नाडी बघायची. काय खरं कळणार?" चेन पुसायची, तिला वंगण द्यायचं, नटबोल्ट हाताने चाचपायचे, ब्रेक दाबून बघायचा. वाळूतून आली की लगेच गोड्या पाण्याने आंघोळ, कारण खारा वारा लोखंडाला वाळवीसारखा खातो. समुद्राच्या पाण्यात तर चाक बुडवायचं नाही म्हणजे नाही. हवा गाळायचा तिचा एक स्पंज असतो, तो साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, थोडं तेल चोळून परत बसवायचा. एकदा तो दोरीवर नातीच्या फ्रॉकशेजारी वाळत होता, तर माझ्या लेकीने भांड्यांचा समजून त्याने कढई घासायला घेतली. बाई अशा ओरडल्या की शेजारची कोळीण सुकत घातलेले बोंबील टाकून धावत आली. "अगो, पेशंटचं फुप्फुस हाय ते! फुप्फुसाने कढई घासतेस?" लेक माझीच, गप्प कुठली बसायला! म्हणाली, "आई, कढई मात्र लखलखली हं." मग दोघी सासू-सुना पायरीवर बसून हसत राहिल्या, आणि कोळीण डोक्याला हात लावून बोंबलांकडे परतली.

पण सगळ्यांत सांभाळायचं ते टायरांचं बीपी. या गाडीला हवा अगदी थोडी लागते. स्कूटरच्या टायरला जेवढी भरतात त्याच्या पाव हिश्श्यालाही ती जात नाही. टायर मऊ असला की वाळूवर पसरतो आणि गाडी रुतत नाही. एवढी कमी हवा नेहमीच्या मीटरवर दिसतच नाही, म्हणून बाईंनी खास मीटर मागवला. तो थर्मामीटरच्या डबीत ठेवतात!

चालवायची शिस्त तर विचारूच नका. रस्त्यावर काढायची नाही, ही शेतावाळूची गाडी. मागे कुणाला बसवायचं नाही. ओढणी, पदर, लोंबतं काही नको. चढावर अंग पुढे, उतारावर मागे, आणि वळताना स्वतःचं वजन आतल्या बाजूला टाकायचं, कारण ही बया मोटारसायकलसारखी आपण होऊन कलत नाही. एकदा मलाही हुरूप आला. मी आमच्या सरावलीहून गेलेली, नवा कोरा पंजाबी ड्रेस घालून मुद्दाम. बाईंनी बसवलं, अंगठ्याखालचा खटका दाखवला आणि म्हणाल्या, "इंजेक्शन देतो तसं, हळूऽऽ." मी दाबला तो शेंगदाणा फोडावा तसा! गाडी उधळली, आणि मी सायकलच्या सवयीने पाय खाली टेकवायला गेले. मागून आरोळी आली, "पाय वर, विहीणबाई! पाय खाली टाकला तर चाक पायावरून जाईल!" मी दोन्ही पाय गळ्यापर्यंत घेतले आणि थेट पेंढ्याच्या उडवीत शिरले. बाई आल्या, आधी गाडी तपासली, मग मला. "दोघी बऱ्या हायत," असं जाहीर केलं.

तर अशी ही बाई गाडीवरून पडेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण पडली. जावईबापू बोईसरच्या एका कंपनीत हिशेबाला आहेत. स्वभावाने लोणी. आईच्या वाढदिवसाला काहीतरी करावं म्हणून त्यांनी गुपचूप गाडी टेम्पोत घालून बोईसरला नेली, धुऊनपुसून, सीटला नवं कव्हर घालून आणली. बाई हरखल्या, आणि त्या आनंदात पहिल्यांदाच राउंड न घेता निघाल्या! बांधावर चढताच गाडी चेंडूसारखी उसळली आणि बाई केवड्याच्या काट्यांत. हेल्मेटला चीर गेली, डोकं वाचलं, डावं मनगट मोडलं. आम्ही धावत गेलो तर पडल्या पडल्याच चांगल्या हाताने टायर दाबून बघतायत.

"ह्याचा दगड कोणी केला?"

जावईबापूंचा चेहरा पांढराफटक. "आई, टायर मऊ लागले गं. पंक्चरच्या टपरीवाल्याला सांगितलं हवा भर. तो म्हणाला, 'एकदम टाईट कर दिया, साब.'"

बाई हसायलाच लागल्या. काट्यांत पडून, हात मोडून हसतायत! "अरे, प्रेमाने बीपी वाढवलंस रे माझ्या पेशंटचं!"

पण जावईबापू हसले नाहीत. प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा म्हणाले, "गाडी विकायची. आज हवा होती, उद्या दुसरं काही असेल. तिथे वाडीत एकटी पडलीस तर आम्हाला कळणार कधी?"

"नटबोल्ट बघून जाते मी."

"आणि तुझे नटबोल्ट कोण बघतं गं?"

बाईंनी चांगल्या हाताने गाडीवर ताडपत्री ओढली. प्लास्टर निघालं तरी गाडी ताडपत्रीखालीच होती. वाडीतून माणसं चिकूच्या पाट्या आणून टाकायची, बाई एकेक चिकू हातात घेऊन सांगायच्या, हा विहिरीजवळचा, हा कोपऱ्यातल्या म्हातारीचा. म्हातारी म्हणजे सगळ्यांत जुनं झाड. पोरगा चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. भांडायचं कुणाशी?

शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, "जावईबापू, एकट्या पडतील हीच भीती ना? मग मी जाते बरोबर. गाडीवर एकाचीच जागा, तर मी चालेन बाजूने. माझे गुडघे अजून शाबूत आहेत."

"तुमच्या चालीने चालवेल ती? हिला हळू माहीत तरी आहे का?"

बाई चटकन उठल्या. "चालवीन. बैलगाडीसारखी चालवीन."

आता निम्मा आठवडा माझा मुक्काम तिथेच असतो, आणि बाकीचे दिवस जावईबापू कामावर जायच्या आधी आईच्या गाडीबरोबर वाडीला चालत जातात. जाताना मीटर स्वतः लावून बघतात, बरं का! एकेकाळची ती वादळासारखी गाडी आता माझ्या चपलेच्या वेगाने चालते. आम्ही दोघी जगाच्या गप्पा मारत जातो, मी दमले की बाई थांबतात. एकदा मी विचारलं, "विहीणबाई, जोरात जावंसं वाटत नाही?" त्या पुढेच बघत म्हणाल्या, "वाटतं ना. पण पोराची झोप उडते, बाई."

वाडीच्या फाटकाआधी घट्ट वाळूचा एक सरळ पट्टा आहे, लांबच लांब, ना बांध ना खड्डा. तिथे पोचलो की माझ्या चपलेत हमखास खडा जातो. मी तिथेच कडेला बसते, समुद्राकडे तोंड करते आणि म्हणते, "तुम्ही व्हा पुढे." पाठीमागे इंजिन एकदम गातं. तो आवाज लांब लांब जातो, माडांपाशी बारीक होतो, कधी कधी अगदी नाहीसा होतो. मी चप्पल हातात घेऊन बसलेली असते, श्वास धरून, तो आवाज परत माझ्याकडे वळेपर्यंत.