नऊचा फोन

"मीच. लागतोय. ठेवा."

रोज सकाळी नऊला आमच्या ऑफिसच्या बोर्डावर पहिला फोन यायचा तो हा. मी ऑपरेटर. नमस्कार म्हणायला तोंड उघडेपर्यंत पलीकडून फोन ठेवलेला असायचा. आमची टेलिफोनची यंत्रणा सांभाळणारे हे गृहस्थ मंडईतल्या बूथवरून, भाजी घेता घेता, बाहेरचा फोन आत येतो की नाही एवढंच बघायचे. असा एखादा विक्षिप्त माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपण हसतो आणि कामाला लागतो.

डिजिटल लाईन नवीन आली तेव्हा फोन मधूनच बंद पडायचे. साहेब लाईनच्या पेटीवरचे दिवे दाखवून म्हणाले, "सगळे हिरवे आहेत की!"

"चौकातला सिग्नलही हिरवा असतो," हे गृहस्थ म्हणाले. "तरी माणसं मरतात."

मग मला समजावलं. एका तारेतून तीस जण बोलतात, पण कोणाचा फोन कोणाला, हा निरोप एकाच वाटेनं जातो. ती वाट बंद पडली की तीसही मुके, आणि दिवा हिरवाच. आठवडाभर खपून त्यांनी दोष शोधला. आमची पेटी एक्स्चेंजच्या वेळेवर न चालता स्वतःचंच घड्याळ चालवत होती.

"दोघांची घड्याळं वेगळी. संसार व्हायचा कसा?" म्हणून स्वतःच हसले, आणि एकदम हत्यारं गोळा करून निघून गेले.

त्याचं कारण मला पुढे शिपायाकडून कळलं. आधीच्या नोकरीत ते एकदा अशाच हिरव्या दिव्यांसमोर दुपारभर बसले होते. घरी बायकोच्या छातीत दुखत होतं आणि ती त्यांना फोन लावत होती. तो लागलाच नाही, आणि ती गेली. तेव्हापासून ते एकटे राहत, आणि हा नऊचा नेम.

"माझा फोन आला नाही तर लाईन गेली समजा," ते मला बजावत. "मी चुकणार नाही. लाईन चुकेल."

एका सोमवारी नऊ वाजून गेले. बोर्ड गप्प. दिवे हिरवे. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी आधी बाहेर फोन लावला, मंडईतल्या त्याच बूथला. लागला. बूथवाल्याला उलट फोन करायला सांगितलं. तोही आला.

"बाई, लाईन चांगली आहे," तो म्हणाला. "काकाच आले नाहीत आज."

आणि मी काय करावं? लाईनची तक्रार नोंदवली! बारा वाजेपर्यंत नंबर फिरवत बसले. त्यांच्या शब्दावर इतका विश्वास होता माझा. मग कुठे डोक्यात प्रकाश पडला आणि शिपायाला त्यांच्या खोलीवर पिटाळलं. दार फोडावं लागलं. ते उंबऱ्याशीच पडले होते, भाजीची रिकामी पिशवी हातात. सकाळीच दवाखान्यात आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊला बोर्ड वाजला. पडद्यावर मंडईतल्या बूथचा नंबर. मी फोन उचलला.

"बाई, मी बूथवाला. लागतोय. ठेवू?"

"नको," मी म्हणाले. पलीकडे भाजीवाल्यांचा आरडाओरडा चालला होता. तो ऐकत मी फोन तसाच धरून बसले.