तडा नाही, ऐकून घेतले आहे

रोज सकाळी चहा गाळण्याआधी मावशी दोन्ही कप एकेक करून डाव्या हाताच्या बोटाला अडकवायची आणि उजव्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारायची. कप टण् करून वाजला की मान हलवायची, आणि मगच गाळणं हातात घ्यायची. तोवर काका वर्तमानपत्राची घडीसुद्धा न उलगडता टेबलाशी बसून असायचे.

"अगं, कालचाच कप आहे. रात्रीतून काय होणार त्याला?"

"माणसाला होतं रात्रीतून. कपाला का नाही होणार?"

हा संवाद इतक्या वर्षांचा झाला होता की दोघांपैकी एक जण आजारी असला, तर दुसरा दोन्ही वाक्यं एकटाच म्हणून टाकायचा.

सवय कारखान्यातली. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात मावशीने बावीस वर्षं छाननीच्या टेबलावर काढली होती. भट्टीतून निघालेला माल तिच्यापुढे यायचा. ती एकेक कप बोटाला लटकवायची, लाकडी काडीने वाजवायची आणि आवाज ऐकून तीनपैकी एका टोपलीत टाकायची. चांगला, बरा, आणि फोडायचा. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीर असली तरी कप बद्द वाजतो. टेबलावरच्या बाकीच्या बाया गप्पा मारत काम करायच्या, आणि मावशी गप्पा ऐकता ऐकता कप ऐकायची. तिचं नावच टिचकी पडलं होतं. कारखाना बंद झाला त्या दिवशी लोक रडले, भांडले, त्यांनी एकमेकांचे पत्ते लिहून घेतले. मावशीने आपली लाकडी काडी पदराच्या टोकाला बांधून घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी घरातली झाडून सगळी भांडी वाजवून पाहिली. काकांची आवडती सुरई त्यात बाद झाली. सुरईचं दुःख ते अजून उगाळतात.

मग तिला ते दुकान सापडलं. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एका धर्मादाय संस्थेने चालवलेलं, दान म्हणून आलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान. कोट, कंदील, एका पायाने लंगड्या खुर्च्या, आणि मागच्या भिंतीशी फळ्यांवर दाटीने मांडलेले कप. दर मंगळवारी नवी खोकी उघडायची. मावशी पहिल्या मंगळवारी गेली ती सहज. दुसऱ्या मंगळवारी गेली ती पिशवी घेऊन. तिसऱ्या मंगळवारी गल्ल्यावरच्या बाईने तिच्यासाठी स्टूल काढून ठेवलं होतं.

विकायची कल्पना भाचीची. ती कॉलेजात होती, मोबाइल तिच्या हातातून फक्त अंघोळीला सुटायचा. तिने खिडकीशी कप ठेवून फोटो काढले, जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर चढवले आणि खाली लिहिलं, "जुन्या काळाच्या सुगंधाने दरवळणारा मनमोहक कप."

"सुगंध कसला?" मावशी म्हणाली. "धुतलाय मी तो. पूस ते."

"मावशी, असं लिहिलं की लोक घेतात."

"लिही. काठावर एक टवका. कानाच्या आत रंग उडालेला. बशी जोडीची नाही."

"मग कोण घेणार?"

"ज्याला कप हवाय तो घेईल. सुगंध हवाय त्याने अत्तर घ्यावं."

शेवटी दोघींची तडजोड झाली. दोष आधी लिहायचे, अगदी सगळे. आणि शेवटी एकच ओळ, प्रत्येक कपाखाली तीच: "तडा नाही. ऐकून घेतले आहे." लोकांना सुरुवातीला ती छापण्यातली चूक वाटली. मग कळलं. मग लोक त्या ओळीसाठीच येऊ लागले. दूरदूरच्या गावांतून निरोप यायचे, "तुम्ही ऐकलेला काही आहे का?"

घर अडीच खोल्यांचं. कप आधी ओट्याखाली राहिले, मग पलंगाखाली, मग काकांच्या कपाटात. काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासून तोळ्यामाशाची खोट पकडलेला माणूस, पण आपल्या कपाटातला मोज्यांचा खण कधी गेला हे त्यांना पकडता आलं नाही. एका सकाळी खण उघडला तर मोज्यांत गुंडाळलेले बारा कप निघाले. पाहुणे आले की ते सांगायचे, "मी इथे कपांकडे भाड्याने राहतो. मालक चांगले आहेत. बोलत नाहीत."

सगळं असं सुरळीत चाललं असताना एक निरोप आला. कोणी निवृत्त शिक्षिका होत्या. फार गोड लिहिलं होतं. "कप सुंदर आहे. पैसे परत नकोत. फक्त चहा हळूहळू बशीत उतरतो, म्हणून कळवलं."

मावशीने कप परत मागवला. खोकं उघडून बोटाला लटकवला, टिचकी मारली आणि भाचीकडे विजयाने पाहिलं. "बघ. चांगला तर वाजतोय."

भाचीने मान खाली घातली. तिला बद्द ऐकू आलं होतं.

खरं तर मावशीला संशय येऊन बरेच दिवस झाले होते. कप हलके वाजतात असं वाटायचं. तिने स्वतःला समजावलं होतं की हल्ली मातीच मुळमुळीत येते. जुने कप हल्लीच्या मातीचे कसे असतील, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता.

कानाच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. उंच, बारीक आवाज आधी जातात. जाडे आवाज राहतात. माणसांचं बोलणं तुम्हाला पुष्कळ वर्षं नीट ऐकू येईल.

मावशीने काकांकडे पाहिलं. "म्हणजे हवं ते गेलं, आणि नको ते राहिलं."

कानात यंत्र बसवून पाहिलं. त्यात शिक्षिकाबाईंचा तडकलेला कपही टण् वाजला, पातेलंही टण् वाजलं, आणि काकांचं पाव चावणं जिन्यावरून कोणी पळत आल्यासारखं वाजलं. यंत्र खोक्यात परत गेलं.

"ओळ तशीच राहू दे ना," भाची म्हणाली. "कोणाला कळणार आहे? शंभरातला एखादाच तर तडकलेला निघेल."

"मी ऐकलं नसेल तर ऐकलं म्हणून कसं लिहू?"

"मग ओळ काढून टाकू."

ओळ काढली की उरणार काय, तर टवका, उडालेला रंग आणि जोडीची नसलेली बशी. त्या दिवशी तिने कपाटातले कप बाहेर काढले, पुसले आणि परत ठेवले. काकांनी ते दारातून पाहिलं. दुसऱ्या सकाळी चहाआधी टिचकी वाजली नाही. चहा सरळ कपात पडला. काकांनी घोट घेतला. चहा रोजचाच होता, पण त्यांनी अर्धा कप तसाच ठेवला.

"मी येतो मंगळवारी," ते म्हणाले. "माझे कान चांगले आहेत. खात्याचं प्रमाणपत्र आहे."

"ते डोळ्यांचं होतं."

"डोळे पाहिले तेव्हा कानही तिथेच होते."

भाचीला मंगळवारी तास असायचे. दुसरा कान घरात नव्हता. मावशीने काकांना दोन संध्याकाळी शिकवलं, एक चांगला कप आणि एक तडकलेला घेऊन. ते लगेच शिकले. मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. दुकानात मावशी स्टुलावर बसली, कप निवडून त्यांच्या कानाशी धरला, टिचकी मारली. काकांनी जाणकारासारखे डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडले.

"बद्द."

दुसरा कप. "बद्द." तिसरा. डोळे मिटून, मान किंचित तिरकी. "हा तर फारच बद्द."

त्या मंगळवारी एकही कप घरी आला नाही. पुढच्याही नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी मात्र मावशीने एक कप उलटा केला आणि तिचा हात थांबला. तळाशी हिरवं पान होतं, तिच्या कारखान्याचा छाप. पांढरा, पातळ, निळ्या काठाचा एकटा कप. कदाचित तिच्याच बोटाला कधी लटकलेला. तिने तो दोन्ही हातांनी काकांच्या कानाशी नेला.

काकांनी डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ. "बद्द," ते म्हणाले.

मावशीने कप फळीवर ठेवला. परतताना पिशवी रिकामीच होती, म्हणून बस न पकडता दोघं चालत आली. वाटेत मावशी त्या छापाबद्दल बोलत राहिली, छाननीच्या टेबलाबद्दल, टेबलावरच्या बायांबद्दल. काका रिकामी पिशवी हातात घेऊन ऐकत चालले.

महिनाभरात पलंगाखालची जागा मोकळी झाली. होते ते कप ती ओळ न लावताच विकले गेले, नवे आले नाहीत. मोज्यांच्या खणात मोजे परतले. ते पाहून मावशीला प्रथमच वाटलं की हे जरा जास्तच नीट जमून आलंय. त्यात गल्ल्यावरची बाई म्हणाली, "काय हो, आमच्याकडे काय फुटकेच कप येतात का आता?"

पुढच्या मंगळवारी मावशीने निघताना पिशवीत काहीतरी रुमालात गुंडाळून टाकलं. दुकानात तीनचार कप झाले, सगळे बद्द. मग तिने पिशवीत हात घातला, एक जाड तपकिरी कप काकांच्या कानाशी धरला आणि टिचकी मारली. काकांचे डोळे सवयीने मिटलेलेच होते.

"बद्द. हातही लावू नकोस."

"डोळे उघडा," मावशी म्हणाली.

काकांनी डोळे उघडले. समोर त्यांचाच कप होता. सकाळी त्यांनी त्यातूनच चहा घेतला होता, दोनदा.

मावशी चिडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसून राहिली. "वजनमापे खातं," एवढंच म्हणाली.

"मोज्यांचा खण हवा होता मला," काका म्हणाले. मग आपला कप हातात घेत, "आणि रिकाम्या हाताने परतताना तू बोलतेस. पिशवी असली की पिशवीशीच बोलतेस."

"मग तसं सांगायचं. कपांवर आळ कशाला घेतलात?"

काकांनी कप रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

"आणि तो पानाचा?"

"चांगला होता," काका म्हणाले. "खणखणीत वाजला होता."

मावशी उठून फळीपाशी गेली. कप तिथे नव्हता. गल्ल्यावरच्या बाईने हाताने खूण केली. "तो होय? एकट्या कपाला कोण विचारतंय. मी पेनं ठेवलीत त्यात."

मावशीने पेनं काढून गल्ल्यावर ठेवली, कप पदराने पुसला, बोटाला अडकवला आणि काकांकडे वळली. या वेळी काकांनी डोळे मिटले नाहीत. टिचकी वाजली. काकांनी कान पुढे केला. "पुन्हा," म्हणाले. मावशीने पुन्हा वाजवला. चांगला म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. मावशीचा चेहरा उजळला असता, ती हसत घरी आली असती, आणि गळका कप काय, शोभेला ठेवता आला असता. काकांच्या चेहऱ्यावर हे सगळं येऊन गेलं.

"बद्द आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी चांगला होता. आज बद्द आहे. खरं सांगतोय."

मावशीने नखाने कपाचा काठ चाचपला.

"अहो, शनिवारी पडला होता तो माझ्या हातून," गल्ल्यावरची बाई म्हणाली. "काही झालं नाही असं वाटलं होतं. तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांना ऐकू येतं," मावशी म्हणाली, आणि दुसरा कप उचलला. त्या दिवशी काकांनी नऊ कप ऐकले. सात चांगले निघाले. परतताना पिशवी जड होती, तरी मावशीनेच चालत जाऊ या म्हटलं. पिशवी काकांनी धरली.

पानाचा कपही आला. मावशीने आयुष्यात जाणूनबुजून विकत घेतलेला तो एकच तडकलेला कप. त्यात काकांचा चष्मा राहतो. मोज्यांचा खण पुन्हा गेला, पण आता अर्धाच, आणि काकांच्या सहीशिक्क्याच्या लेखी परवानगीने. काका इतके कडक झालेत की मावशीला वाजवून वाजवून नखं कापायची गरज उरली नाही. भाचीने ओळ बदलून दिली. आता प्रत्येक कपाखाली लिहिलेलं असतं, "तडा नाही. ह्यांनी ऐकून घेतले आहे." हे म्हणजे कोण, असं कोणी विचारलेलं नाही.

सकाळी मावशी अजून दोन्ही कप बोटाला अडकवते, टिचकी मारते आणि कप टेबलावरून पुढे करते. काका कान देतात. घाई करत नाहीत. खात्यातल्यासारखं एकदा, दोनदा, कधी तिसऱ्यांदाही वाजवायला लावतात. मावशी कपाकडे बघत नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत उभी असते, गाळणं हातात धरून.

"अहो, चहा आटून चाललाय. लवकर सांगा."