भूक कुठपस्तोर आली?

"भूक कुठपस्तोर आली?" असं विचारताना ती पिठाचा हात आडवा धरायची. आधी पोटाशी, मग छातीशी, मग कपाळाशी. समोरचा माणूस पहिल्यांदा बुजायचाच. हॉटेलात 'काय देऊ' म्हणतात, असलं कुणी विचारत नाही. पण एकदा कळलं, की चांगला शहाणासुरता माणूससुद्धा आपला हात कुठवर न्यावा याचा विचार करू लागायचा. बंदोबस्तावरून सुटलेला पोलीस थेट कपाळाला हात लावायचा. एसटीचा ड्रायव्हर गळ्याशी. लेकरं टाचा उंचावून हात हवेत न्यायची, म्हणजे भूक डोक्यावरून गेली. आणि ती तेवढ्या भाकरी थापायला आत पळायची.

नांदूरघाटाच्या रस्त्याला माझं हॉटेल आहे. तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल, तर तिच्या हातचं जेवलाही असाल. ती तुम्हाला आठवेल, मी आठवणार नाही. मालक गल्ल्यावर बसतो आणि त्याला गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही, पुढे आलेला हात तेवढा दिसतो.

भाकरीला बाई पाहिजे होती, म्हणून ती आली. काम काय, पगार काय, हे विचारायच्या आधी म्हणाली, "आडनाव आदी ऐका मालक. मागून कुनी सांगितलं म्हनून तोंड वाकडं नको." आणि तिने ते सांगितलं. जवळच्याच गावातलं बौद्धांचं घर. मी म्हणालो, "आक्का, भाकरीला आडनाव नसतं." हे वाक्य मला फार आवडलं. रात्री बायकोलाही ऐकवलं. ते बोलून मी तिला मागच्या बाजूला, पडद्याआड, चुलीपाशी बसवलं. या दोन गोष्टी मी एकाच दमात केल्या, आणि त्यांचा आपसात काही मेळ बसत नाही हे मला तेव्हा दिसलंच नाही.

पण ती पडद्याआड राहणारी बाई नव्हती. रस्त्यावर गाडीचा ब्रेक लागला, की तवा सोडून ती फटीतून बघायची. कोण उतरलं, किती उतरले, दमून उतरले की भांडून. एके दिवशी वाढपी आला नाही. आक्का गरम भाकरी हातावर नाचवत बाहेर आली, आणि त्यानंतर ती मनाने कधी आत गेलीच नाही.

मी एकच अट घातली. कुणी विचारलं तर गाव सांगायचं, पुढचं नाही. ती म्हणाली, "गाव सांगते. फुडचं कुनी इचारलंच, तर खोटं न्हाई बोलनार." आता आपल्याकडे विचारतात की नाही, हे मी तुम्हाला काय सांगू. त्या दिवसापासून एखादं गिऱ्हाईक तिच्याशी जरा जास्त बोलत थांबलं, की माझा एक कान तिकडे लागलेला असायचा.

दिवस मात्र काय होते! गाडी थांबली की मलाच गल्ल्यावर बसवेना. आमची पैज लागायची. हा उतरलेला माणूस किती भाकरी खाईल? जो हरेल त्याने कांदे चिरायचे. एकदा दाराएवढा रुंद माणूस आला. आक्का म्हणाली, पाचाला मरण नाही. त्याने अर्धी खाल्ली, खिशातून शुगरची गोळी काढली आणि पाणी मागितलं. त्याच्या मागून एक वाळकं म्हातारं आलं, त्याने आमटीत कुस्करून पाच संपवल्या आणि सहावी धोतराच्या सोग्यात बांधून नेली. "फसले बाई," म्हणत ती हसत सुटली. चुकण्यातच तिला जास्त मजा यायची. माणूस अंदाजात बसला, तर तिचा थोडा हिरमोडच व्हायचा.

एक जोडपं आलं, नवीन लग्नाचं. नवरीने हात जेमतेम कमरेशी नेला आणि भिंतीकडे तोंड केलं. आक्काने नवरदेवाला सांगितलं, गाडी तापली आसंल, बघून या जरा. तो मोटारसायकलीभोवती फिरून परत येईपर्यंत नवरीची दुसरी भाकरी संपत आली होती, आणि दोघी कशाला तरी एवढ्या हसत होत्या, की नवऱ्याला आपण काय गमावलं ते कळेना.

एक जण घरून भांडून आलेला. कपाळावर आठ्या. भूक नाही म्हणाला, नुसता चहा. तिने चहा दिला आणि शेजारी तळहाताएवढी भाकरी ठेवली. तो चिडून बघायला लागला तशी म्हणाली, "ही भाकर न्हाई. नमुना हाय." त्याने नमुना संपवला, मग आमटी मागितली, मग ठेचा. जाताना घरी न्यायला पिठलं बांधून घेतलं.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, की तिच्या अंगात वारं शिरायचं. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं. त्यांच्याकडे घरची भाकरी असायची. आमच्याकडून घ्यायची ती नुसती येसराची आमटी, भाजलेल्या डाळी-मसाल्याची, तिखटजाळ. दुसरा हॉटेलवाला अशा गिऱ्हाइकाला बाहेरच ठेवतो. आक्का त्यांच्या फडक्यातल्या भाकरी मागून घ्यायची, आपल्या तव्यावर गरम करून द्यायची आणि करताना बारकाईने बघायची. कुणाची जाड, कुणाची पापडासारखी. "दुसरीच्या हातची भाकर बगाया भेटती," म्हणायची. मी एकदा विचारलं, कंटाळा येत नाही का? तर म्हणे, "घरी रोज तीच तोंडं. हितं रोज जत्रा. येकाला तिखट पायजे, येकाला लई रडायचं आसतंय आन् तिखट नुसतं निमित्त."

मला ते सगळं फार आवडायचं. हे मी तिला कधी बोललो नाही.

आमच्या भागात एक माजी सरपंच आहेत, सगळे अण्णा म्हणतात. आक्काच्या भाकरीसाठी वाट वाकडी करून यायचे. एके दुपारी ते उमापूरचे पाहुणे घेऊन आले. अण्णांच्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. आक्का खुशीत होती, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या हिशेबाने वाढत होती, होणाऱ्या व्याह्यांनी तर छातीवरचा हात कपाळाला नेला. खाता खाता तेच म्हणाले, "हाताला चव हाय बाई. कुठल्या तुमी?"

तिने गाव सांगितलं.

"त्ये झालं. कुनाच्या?"

तिने माझ्याकडे बघितलं. परवानगीसाठी नाही. मी काय करतो ते बघायला. मी बडीशेपेची वाटी सारखी करत होतो.

तिने आडनाव सांगितलं. हातात भाकरी तशीच होती. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "आनखी वाढू?"

"बास. झालं," पाहुणे म्हणाले. सगळ्यांचंच एकदम झालं. वाईट कुणी काही बोललं नाही. आपल्याकडे हे बोलून करत नाहीत. हात धुतले, बडीशेप घेतली, निघाले. अण्णांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "करू दे की बे तिला भाकरी. भाईर कशाला आनतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाड्या सुरू व्हायच्या आधी, मी तिला थोडे दिवस आतच बसायला सांगितलं. तिने विचारलं, किती दिवस? मी गल्ला उघडून सुट्टे मोजायला लागलो. दिवसभर तिने भाकरी केल्या, रोजच्यासारख्याच टम्म फुगलेल्या. संध्याकाळी काठवट घासून भिंतीला उभी केली.

"भाकरीला आडनाव नसतंय म्हनला व्हता," ती म्हणाली. "मला हाय, मालक."

आणि गेली. लोकांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की लेकीच्या बाळंतपणाला गेली. बायकोलाही तेच सांगितलं. हॉटेल चाललं. लोक यायचे, जेवायचे, जायचे. मी कुणाच्या भुकेवर पैज लावली नाही.

पाटोद्याच्या अलीकडे तिने पत्र्याचं शेड टाकलंय, हे मला गिऱ्हाइकांकडूनच कळलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. या वर्षी एक दिवस मात्र गल्ल्यावर पोराला बसवलं आणि गेलो. पाटीवर तिचं पूर्ण नाव आहे, आडनाव ठळक. ते मी इथे लिहीत नाही. एकदा मी ते झाकायला लावलं होतं, आता मिरवायचा हक्क मला नाही.

आत बसायला जागा नव्हती. कडेच्या बाकावर टेकलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवत आलो होतो. तिने मला बघितलं, तव्यावरची भाकरी उलटली, आणि म्हणाली, "बसा मालक, येते." तेवढ्यात एक अख्खी एसटी उतरली. मग कसली येते! म्हाताऱ्याला भाकरी दुधात चुरून दे, कॉलेजच्या पोरांना "फोटो काढून पोट भरतंय का रे?" म्हणून झाप, कुणाची पोर रडते तिच्या हातात गूळ ठेव. दोन पोरी वाढायला होत्या, त्या भाकरी पुरवता पुरवता घायकुतीला आलेल्या. जुळवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. आणि खरं सांगायचं, तर मी पूर्वीसारखा एकेकाच्या भुकेचा अंदाज बांधायला लागलो. तो जांभळ्या शर्टवाला पाच खाणार, मी मनात म्हटलं.

पाणी वाढायला कुणी नव्हतं. लोक रिकामे पेले वाजवत होते. मी उठलो, पिंपातून जग भरला आणि पहिल्या टेबलापाशी गेलो. किती वर्षांनी कुणाला तरी वाढत होतो. थोडं सांडलं. पेला भरला की माणूस मान वर करतो आणि आपल्याकडे बघतो, हे मी विसरून गेलो होतो. दुसरं टेबल, तिसरं.

आक्का दोन्ही हातांत ताटं घेऊन माझ्या शेजारून गेली. थांबली नाही, वळली नाही.

"आदी त्या कोपऱ्यात, मालक," ती म्हणाली. "तिथं लेकराला ठसका लागलाय."

मी कोपऱ्याकडे पळालो.