अण्णांनी दुकान उचललं

आमच्या माजलगावात रस्ता करायचा म्हणजे जुन्या रस्त्यावर नवा रस्ता ओतायचा, एवढंच शास्त्र होतं. दर निवडणुकीला मेन रोड एक थर वर चढायचा आणि आमचं कापडाचं दुकान तेवढंच खाली जायचं. पावसाळ्यात गटार थेट गादीवर येऊन टेकायचं.

मग देश खुला झाला म्हणे. सगळीकडे नवं नवं सुरू झालं, तशी आमच्या नगरपालिकेलाही मेन रोड नव्यानं करायची हुक्की आली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी (गावातली अक्कल आपल्याच गल्ल्यात आहे असा त्यांचा समज), एका नगरसेवकाला चहा पाजून बातमी काढली: या वेळी रस्ता दणकट होणार. दणकट म्हणजे जाड आणि जाड म्हणजे उंच, हे अण्णांनीच ठरवलं. मी तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा करत होतो. मी मान डोलावली.

रस्त्याच्या आधीच दुकानाची फरशी कंबरेइतकी उचलायची असं ठरलं. समोरच्या कापडवाल्या बाबूशेठला पत्ता लागू नये म्हणून दार लावून आत मुरूम भरला. त्यानं विचारलंच, तर उंदरांची बिळं बुजवतोय म्हणून सांगायचं होतं.

"रस्ता येऊ दे. बाबूशेठचं तळघर व्हतंय का न्हाई बघ," अण्णा म्हणाले.

आणि औरंगाबादहून एक नवा इंजिनिअर आला. या गृहस्थानं चक्क जुना रस्ता खोदला! सगळे थर उपसून गावाबाहेर नेऊन टाकले आणि नवा रस्ता बाबूशेठच्या उंबऱ्याला लावून केला. आमच्या नगरपालिकेत कुणी रीतसर काम करील, ही शंका कुणाला येणार? आमचं दुकान आता रस्त्यापासून कंबरेइतकं उंच.

"काय शिकिवतेत बे तुला तिथं?" अण्णांनी मला विचारलं.

"खोदकाम पुढच्या वर्षाला हाय, अण्णा."

तोंडावर लगीनसराई. वर्षाचा सगळा धंदा बस्त्यांवर. लग्नाचं कापड एका बैठकीत निघतं आणि ते ठरवायला नवरीची आजी गादीवर बसावी लागते. नांदूरघाटचं जुनं गिऱ्हाईक टेम्पो भरून आलं. आम्ही स्टूल लावलं. अण्णांनी वरून हात दिला, मी खाली आधाराला उभा राहिलो. आजीनं स्टूल पाहिलं, मग अण्णांना पाहिलं.

"बस्ता बांधाया आलोय बाबा, माळ्यावर चढाया न्हाई."

अख्खा टेम्पो बाबूशेठकडे गेला. त्यामागून सगळी सराई तशीच गेली. अण्णा रिकाम्या गादीची चादर पुन्हापुन्हा झटकत बसायचे, ते मला बघवत नसे.

रस्त्याच्या उद्घाटनाला पुढारी आले. स्टेज बांधायचं ठेकेदार सोयीस्करपणे विसरला होता. पुढाऱ्यांची नजर आमच्या दुकानावर गेली.

"स्टेज कशाला? हे हाय की."

कार्यकर्त्यांनी त्यांना उचलून वर ठेवलं. आमच्या गादीवर बुटासकट उभे राहून ते तासभर प्रगतीवर बोलले. छत डोक्याला लागत असल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच नम्र दिसले. शेवटी, कामात सहकार्य केल्याबद्दल अण्णांचा सत्कार जाहीर झाला. शाल आणायची राहिली होती, म्हणून एका कार्यकर्त्यानं मागं हात घालून आमच्याच फळीवरची ओढली. टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या.

त्या सराईत आमच्या फळीवरून हललेलं तेवढंच एक कापड, आणि तेही संध्याकाळी आमच्याच घरी आलं.