कुलपातला तराजू

आमच्या ठाण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत एक शास्त्रज्ञ खाडीकाठच्या खाऱ्या मातीवर संशोधन करायचे. ‘अंदाजे’ हा शब्द कानावर पडला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांनी चार वर्षं अर्ज केल्यावर विलायतेहून एक नाजूक तराजू आला. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी तो कपाटात घालून कुलूप लावलं. म्हणाले, “देश गरीब आहे. मोडला तर दुसरा कोण देणार?”

तराजू बाहेर यायचा तो खंडेनवमीला, पूजेपुरता. देव न मानणारे आमचे शास्त्रज्ञ त्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर असत. “तेवढाच हात लागतो हो,” म्हणत पारड्यातलं कुंकू रुमालाने टिपून घेत.

एका वर्षी ते पूजेला आलेच नाहीत. नंतर त्यांचा अहवाल टाइप करताना मी विचारलं, “मिठाचं वजन राहिलंय. काय घालू?”

“घाला अंदाजे,” ते म्हणाले.