कटरबाईंचा मधला ओटा

दुकान बंद करायचं ठरलं तेव्हा कटरबाईंनी तिथलं सगळं वाटून टाकलं. शिलाई मशिनं गेली, मोठा आरसा गेला, हँगर अडकवायची दांडीसुद्धा कुणीतरी मागून नेली. कापड कापायचं टेबल मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. ते घरी न्यायचं आणि स्वयंपाकघरात मधोमध उभं करायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मुलगा फोनवर म्हणाला, आई, एवढं अवजड धूड कशाला, नवीन काहीतरी सुटसुटीत घे. त्यांनी त्याला त्याच्या घरी सुटसुटीत काय हवं ते घे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

यामागे कारण होतं. बत्तीस वर्षं त्या या टेबलामागे उभ्या राहिल्या होत्या, तोंड दाराकडे. येणारा प्रत्येक माणूस समोरून येई. कोट शिवायला आलेला माणूस बायकोशी चार दिवस बोललेला नाही, हे त्यांना माप घेता घेता कळे. कुणाच्या मुलीचं कुठे जुळलं, कोण नापास झालं, कुणी नोकरी सोडली, सगळं टेबलापलीकडून ऐकायचं, कात्री चालवत चालवत आपलं मत द्यायचं आणि वर ते मत ऐकायलाही लावायचं. घरी मात्र ओटा भिंतीला लागून. समोर पांढऱ्या टाइल्स. घरातली माणसं बोलत ती पाठीशी, आणि पाठीशी बोललेलं निम्मं पातेल्यात पडून जाई. दुकान होतं तोवर दिवसाचे दोन तास टाइल्सकडे बघणं त्यांना चालून गेलं. आता उरलेला जन्म त्याच टाइल्सकडे बघत काढायचा, या विचाराची त्यांना चक्क भीती वाटत होती.

दुकान का बंद केलं असं कुणी विचारलं, की त्या कंटाळा आला म्हणत. खरं म्हणजे उजवं मनगट कामातून गेलं होतं. तासभर कात्री चालवली की बोटं बधिर होत. डॉक्टरांनी कात्री सोडा म्हणून सांगितलं होतं. घरी त्यांनी 'जरा दुखतं' एवढंच सांगितलं आणि विषय बदलला.

चार हमालांनी धापा टाकत टेबल तिसऱ्या मजल्यावर आणलं आणि ते जिन्याच्या तोंडाशीच अडकलं. दाराची अडचण नव्हती. अडचण होती ती त्यांच्या नवऱ्याची. पाणीपुरवठा खात्यात चाळीस वर्षं घरोघरी मीटर वाचलेला हा माणूस; निवृत्त झाला तरी सगळा मजला त्यांना मीटरवालेच म्हणे. काचेखाली जो आकडा दिसेल तो वहीत लिहायचा, आपलं डोकं चालवायचं नाही, हा त्यांचा धर्म. आराखड्याशिवाय घरात खिळा ठोकायला त्यांची तयारी नसे. त्यांनी मोबाइलवर आठ-दहा व्हिडिओ बघितले आणि जेवताना जाहीर केलं की याला किचन आयलंड म्हणतात. आयलंड म्हणजे बेट.

"बेट असो नाहीतर खंड असो," कटरबाई म्हणाल्या, "मी मधला ओटा म्हणणार. आत कधी येतंय ते सांगा."

ते काही लवकर येणार नव्हतं. मीटरवाल्यांनी आलेखाचा कागद आणला. तीन रंगांची पेनं आणली. फ्रिज निळ्यात, ओटा लालात, टेबल हिरव्यात. कागद चुरगळला म्हणून दुसरा आणला. मधल्या काळात टेबल जिन्यात उभं, आणि मजल्यावरची माणसं पिशव्या डोक्यावर धरून आडवी आडवी जात-येत होती. समोरच्या घरातले सोसायटीचे सेक्रेटरी आधी हसून बोलले, मग न हसता बोलले, आणि नवव्या दिवशी त्यांनी नोटीस चिकटवली. शनिवारी सकाळपर्यंत टेबल हललं नाही, तर ते जुन्या सामानवाल्याला देऊन टाकण्यात येईल. नोटीस त्यांनी टेबलावरच डिंकानं चिकटवली होती. कटरबाईंना नोटिशीपेक्षा डिंकाचा राग जास्त आला. ओल्या फडक्यानं तो डाग काढायला त्यांना अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ त्या सेक्रेटरींच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं बोलत होत्या.

गुरुवारी त्यांनी नवऱ्याला धारेवर धरलं. मीटरवाले म्हणाले, मी आजच शेवटचं माप घेणार होतो, पण माझी स्टीलची टेप गंजून आत अडकून बसली आहे. हे ऐकून कटरबाईंनी गळ्यातली आपली टेप काढली. दुकान सुटलं तरी ती त्यांच्या गळ्यातून सुटली नव्हती. पिवळी, मळलेली, टोकाची पितळी पट्टी केव्हाच पडून गेलेली.

"ही घ्या, आणि आज हे संपवा," त्या म्हणाल्या.

मीटरवाल्यांनी गुडघे टेकून ओट्यापासून फ्रिजपर्यंतचं अंतर मोजलं. टेप साठ इंची, म्हणून दोनदा लावावी लागली. पहिल्यांदा साठ, दुसऱ्यांदा छत्तीस. शहाण्णव. टेबलाची रुंदी कागदावर आधीच होती, चौतीस. दुकानातलं टेबल करून घेतलं तेव्हाच्या पावतीवरून त्यांनी ती उतरवली होती. कटरबाईंना उभं राहायला आणि ओट्याखालच्या सिलिंडरचं दार उघडायला बत्तीस. उरले तीस. फ्रिजचं दार त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे अठ्ठावीस. मीटरवाल्यांनी 'दोन इंच शिल्लक' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि वाटीभर शेंगदाणे घेऊन आपल्या खुर्चीत जाऊन बसले. बाहेरच्या खोलीतल्या खिडकीजवळची ती खुर्ची आणि तिच्या शेजारचं जुन्या डायऱ्यांचं कपाट, हे घरातलं त्यांचं संस्थान. तिथे दुसरं कुणी बसलं तर ते काही बोलत नसत, नुसते शेजारी उभे राहत.

शुक्रवारी पाच फोन झाल्यावर सुतार आला. काहीही विचारलं तरी 'होईल की' म्हणणारा माणूस. टेबल आत आलं, जागेवर ठेवलं गेलं, आणि कटरबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला तोच मीटरवाल्यांनी नवीन टुमणं काढलं. टेबल जमिनीला पक्कं करायचं. चारही पायांना लोखंडी पट्ट्या. घरात म्हातारी माणसं आहेत, टेबल सरकलं तर काय घ्या. म्हातारं कोण, असं कटरबाईंनी विचारलं. त्यावर ड्रिल सुरू झालं. फरशीला सोळा भोकं पडली. साखरेच्या डब्यापासून चष्म्यापर्यंत सगळीकडे पांढरी धूळ बसली.

शेवटी यंत्र थांबलं आणि कटरबाई टेबलामागे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात लाकडावर ठेवले. कोपराच्या उंचीला बरोबर. समोर बाहेरची खोली दिसत होती, तिच्यापलीकडे घराचं दार दिसत होतं. आता जो कुणी येईल तो समोरून येईल. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी सुताराला आपणहून चहा विचारला.

दूध काढायला म्हणून मीटरवाल्यांनी फ्रिज उघडला. दार अर्ध्यावर आलं आणि टेबलाला थडकलं. त्यांनी पुन्हा ओढलं, पुन्हा थडकलं. त्या फटीतून दुधाची पिशवी निघत होती, पण पातेलं निघत नव्हतं, आणि खालचा भाजीचा कप्पा तर हलायलाच तयार नव्हता.

कटरबाईंचा पारा चढला. चाळीस वर्षं मोजण्यात गेली तुमची, त्या म्हणाल्या, आणि घरातली एक खोली मोजता आली नाही. दहा दिवस कागद रंगवलेत. तीन पेनं. सोळा भोकं. मीटरवाले कागद उलटा धरून बघत होते, मग सुलटा धरून बघत होते. दोन इंच शिल्लक आहेत, असं ते दोनदा म्हणाले. कागदावर होतेच.

पट्ट्या काढून टेबल ओट्याकडे सरकवावं तर सिलिंडरचं दार उघडणार नव्हतं. सुतारानं आपली टेप काढली, इकडे लावली, तिकडे लावली, आणि आठ इंच कापून टाकू म्हणाला. तासाभराचं काम. कानावरची पेन्सिल काढून त्यानं टेबलावर सरळ रेघ ओढली. पलीकडच्या कडेत खिळे होते, म्हणून ती कटरबाई उभ्या होत्या त्याच बाजूला. बत्तीस वर्षं पोट टेकून, कापड ओढून ती कड गुळगुळीत आणि जराशी खोलगट झाली होती. तिच्यावर खुणा उमटवायच्या दातेरी चाकाच्या बारीक टिंबांच्या रांगा होत्या, कुणाच्या बाहीच्या, कुणाच्या कॉलरच्या. कटरबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांचं कापड कापलं होतं. स्वतःचं काही कापायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात टेबलावरून उठेना. मी सांगेपर्यंत करवत काढायची नाही, असं त्यांनी बजावलं. सुतार 'होईल की' म्हणून खाली टपरीवर गेला.

मीटरवाले पुन्हा गुडघ्यांवर बसले. सुताराची टेप मागे राहिली होती, ती त्यांनी लावली. अठ्ठ्याऐंशी. मग बायकोची लावली. शहाण्णव. त्यांनी चष्मा वर केला आणि पिवळ्या टेपचं टोक डोळ्यांजवळ नेलं.

"अगं, ही टेप चारपासून सुरू होते."

"मग? होते की," कटरबाई फटकन म्हणाल्या.

आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. वीस वर्षांपूर्वी पितळी पट्टी पडली, पुढचे आकडे झिजून पुसट झाले, तेव्हा त्यांनी टेप चारच्या आकड्यावर सरळ कापून टाकली होती. तेव्हापासून चारचा आकडा खांद्यावर ठेवायचा, जो आकडा येईल त्यातून चार मनातल्या मनात वजा करायचे आणि उरेल ते तोंडानं सांगायचं. एका गिऱ्हाइकाचं माप कधी चुकलं नाही. ही गोष्ट कुणाला सांगायची असते, हेसुद्धा त्या विसरून गेल्या होत्या. आणि टेप दिली ती कुणाच्या हातात, तर जो आकडा दिसेल तो लिहिणाऱ्याच्या. दोनदा लावली, चार आणि चार आठ.

आता चिडायला माणूस उरला नव्हता, याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. मीटरवाल्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण ते नुसती टेप गुंडाळत बसले.

"सांगायचं तरी," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही विचारायचं तरी. बत्तीस वर्षं गळ्यात आहे माझ्या."

"कधी विचारणार? घरी आलीस की तुझं तोंड भिंतीकडे. माझी बत्तीस वर्षं तुझी पाठ बघण्यात गेली."

तक्रार नव्हती ती. मीटरवरचा आकडा वाचावा तसं ते बोलले होते. भिंतीचा त्रास फक्त आपल्यालाच होता, असं त्या धरून चालल्या होत्या.

सुतार वर आला आणि त्यानं करवत काढली. मीटरवाले उठले आणि म्हणाले, टेबल कापायचं नाही, फ्रिज हलवायचा. कुठे, असं सुतारानं विचारलं. मीटरवाले बाहेरच्या खोलीत गेले. आपली खुर्ची त्यांनी स्वतः ओढून बाजूला केली, कपाट रिकामं केलं, आणि चाळीस वर्षांच्या डायऱ्या पलंगाखाली सारल्या. संध्याकाळी फ्रिज खिडकीजवळ उभा होता. सेक्रेटरी जिना मोकळा झाला का बघायला आले, बैठकीत फ्रिज बघून घुटमळले आणि परत गेले.

शनिवारी सकाळी मीटरवाल्यांना बसायला जागाच उरली नाही. ते एक उंच स्टूल घेऊन मधल्या ओट्यापलीकडे, बायकोच्या बरोबर समोर येऊन बसले. आणि बोलायला लागले. गॅस मोठा आहे. टोमॅटो आधी धुतले का. झाकण तिरकं बसलंय. कटरबाईंना अख्खं जग समोर हवं होतं, आणि पदरात पडला तो एक मीटरवाला. अर्ध्या तासात त्यांच्या मनात आलं की सुताराला पुन्हा बोलवावं आणि फ्रिज होता तिथे आणावा.

"काकडी डाव्या हातानं का कापतेस?" मीटरवाल्यांनी विचारलं.

त्यांनी पुढची चकती कापली.

"उजवा किती दुखतो?"

'जरा' हा शब्द त्यांच्या ओठांवर तयार होता. टेबलावर त्या दोघांच्या मध्ये पिवळी टेप पडली होती, चारचा आकडा वर. कटरबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"फार दुखतो," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. रात्री बोटं आहेत की नाहीत कळत नाही. दुकान त्यासाठीच बंद केलं."

मीटरवाल्यांनी सुरी आणि फळी आपल्याकडे ओढून घेतली. मग ती तशीच ठेवून खिशातली डायरी काढली आणि लिहायला लागले.

"काय लिहिताय?"

"दोन वर्षं. रात्री बोटं बधिर," ते न बघता म्हणाले. "सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. त्यांना पुरता आकडा सांगावा लागेल."

कटरबाईंचे डोळे भरून आले. एरवी त्यांनी ते लपवले असते, पण आता समोर टाइल्स नव्हत्या.

"काकडी कापा आधी," त्या म्हणाल्या. "आणि बारीक कापा."